वाढत्या अंगाची मापं

२ एप्रिल, सोमवार

आज बावीस वह्या दुकानातून गेल्या आणि कपाटाचा खालचा खण तोंड वासून बसलाय. वर्षाला एक वही, अशी बावीस वर्षांची मापं. छाती, कंबर, उंची, बाही, पोराचं वय, आणि पत्ता म्हणून नुसतं ‘वरचा रस्ता’ किंवा ‘खालची गल्ली’. शाळेचे गणवेश सोडून मी दुसरं काही शिवत नाही, त्यामुळे एवढं पुरतं.

वह्या नेल्या आरोग्य खात्याच्या पाहणीवाल्या बाईंनी. वस्तीत माणसं किती, आजार किती, कशाकशाची कमतरता, याची पाहणी चाललीय. त्यावर खालच्या गल्लीतला दवाखाना ठेवायचा, वाढवायचा की हलवायचा ते ठरणार. बाई तरुण आहेत. बुटाच्या टाचा एका बाजूला झिजलेल्या, म्हणजे खरंच घरोघर फिरतात.

म्हणाल्या, "मास्तर, दारात उभं राहून विचारलं की लोक काहीही सांगतात. घरात दहा माणसं असली तर सहा सांगतात, घरमालकाच्या भीतीने. पोटभर जेवता का विचारलं तर सगळेच हो म्हणतात."

मी म्हटलं, "दारात खोटं बोलतील हो. टेपसमोर कोण खोटं बोलणार?"

हे त्यांनी लिहून घेतलं. मला बरं वाटलं, नाकारू कशाला.

जाताना म्हणाल्या, आकड्यांच्या अधलंमधलं जे आठवतं तेही लिहून ठेवा. म्हणून ही वही. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर मापं सोडून काही लिहिलेलं नाही. जमलं तर जमलं.

५ एप्रिल, गुरुवार

मी इथे आलो तेव्हा माझ्याकडे एक भाड्याचं मशीन होतं आणि झोपायला कापायचं टेबल. खालच्या गल्लीत तेव्हा कारखान्यातली माणसं राहायची. एका हंगामात चारशे पोरांची मापं घेतलीत मी. कारखाना बंद पडला आणि तीन वर्षांत एकशेऐंशीवर आलो. मग खोल्यांमध्ये फळ्या ठोकल्या गेल्या, एका खोलीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, नवी माणसं आली आणि आकडा पुन्हा चढला. गल्ली तेवढीच, भिंती तेवढ्याच, दारं दुप्पट.

हे सगळं मला कुणी सांगितलेलं नाही. माप देताना माणूस हात वर करतो, आणि हात वर गेले की तोंड सुटतं. कुणाचा नवरा कामावरून सुटला, कुणाच्या घरी पाणी येत नाही, सगळं माझ्या कानावरून जातं. शिंप्याला लोक खुर्चीसारखं समजतात. त्याच्यासमोर काहीही बोलतात.

दुकानात सध्या मी, गल्ल्यावर बायको आणि काजवाली. काजवाली सहा वर्षं आहे. काजं, गुंड्या, दुमड, सगळं तिच्याकडे. हात इतका साफ की टाका शोधावा लागतो. इस्त्री आता मीच करतो. इस्त्रीवाल्याला गेल्या वर्षी घरी पाठवला. खोकत होता. पोरांच्या कपड्यांवर माणूस खोकतोय हे एका आईने बघितलं असतं तर हंगाम गेला असता. वाईट वाटलं त्याला. मलाही वाटलं, पण दुकान उघडं ठेवायचं तर काही गोष्टी कराव्या लागतात.

काजवाली हल्ली रोज अकराला उठते. "पाच मिनिटांत आले मास्तर." आणि येते अर्ध्या तासाने, धापा टाकत.

९ एप्रिल, सोमवार

पाच मिनिटांचा उलगडा झाला असं वाटतंय. मागच्या वळणावर फॅशनवाल्याने दुकान टाकलंय. काचेचं दार, आत बाहुल्या. त्याला काजं करणारं कुणी मिळत नाही हे मी दोघांच्या तोंडून ऐकलंय. आणि आमची बाई अकराला नेमकी त्या दिशेने जाते.

बायकोला म्हटलं, "आपल्या मिठावर वाढून तिकडे गुंड्या लावतेय."

"विचारा की तिला."

"विचारलं तर सावध होईल."

"तुम्ही काय चोर पकडताय?" असं म्हणून ती पावत्या लावायला लागली. हिला काही माहीत असलं की ही पावत्या लावते. पण फॅशनवाल्याचं हिला कुठून माहीत असणार?

१४ एप्रिल, शनिवार

आज माझा दिवस. पाहणीवाल्या बाई मोठा कागद घेऊन आल्या, टेबलावर पसरला. रेघाच रेघा. एक रेघ खालून वर चढत गेलेली. ती खालच्या गल्लीची. आठ वर्षांच्या मुलांची छाती बावीस वर्षांत सत्तावीस इंचांवरून एकोणतीसवर.

"दोन इंच, मास्तर! आणि हे बघा. आता खालच्या गल्लीतलं पोर वरच्या रस्त्यावरच्या पोरापेक्षा अर्ध्या इंचाने भरलेलं आहे."

मी म्हटलं, "असणारच. खालची पोरं दिवसभर हुंदडतात. वरची बसून असतात."

त्या हसल्या नाहीत, पण खात्यातल्या साहेबांना हे फार आवडलंय म्हणाल्या. कमतरता हटली असा अहवाल वर जाणार. दुकानाचा उल्लेख आहे. मी दुपारभर येईल त्याला तो कागद दाखवला. मी सुया उचलून वर आलेला माणूस, माझ्या अक्षरावर सरकारने रेघ ओढली!

काजवालीही उठून आली. बराच वेळ बघत होती.

"मास्तर, मग दवाखान्याचं काय?"

"अहो, एकोणतीस इंचांच्या पैलवानांना दवाखाना कशाला लागतोय?"

बायको हसली नाही. काजवाली जागेवर जाऊन बसली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तिने काज उलट्या बाजूला केलं. हिला विनोद झेपत नाही.

१७ एप्रिल, मंगळवार

खालच्या गल्लीतून एक आई आली. आठ वर्षांचा मुलगा, मान काडीसारखी.

"वाढत्या अंगाचा शिवा, मास्तर."

"किती वर्षं?"

"तीन तरी काढली पाहिजेत यात. जमलं तर चार. मग धाकट्याला होईल."

"चार वर्षांत हा बापाएवढा होईल."

"होऊ दे की. तुमच्या तोंडात साखर पडो."

टेप लावला. साडेबावीस. वहीत लिहिलं एकोणतीस. कात्री घेतली, कापडाला लावली आणि हात तिथेच थांबला.

आई म्हणाली, "काय झालं? कापड कमी पडतंय का?"

"नाही, नाही."

पण कापलं नाही. उद्या या म्हटलं.

१८ एप्रिल, बुधवार

शांतपणे लिहितो.

माझ्या उस्तादाने शिकवलं होतं, अंगाचं माप वहीत कधी लिहायचं नाही. कापायचं माप लिहायचं. अंग पोराबरोबर घरी जातं, दुकानात राहते ती वही. दुसऱ्या कुणी कापायला घेतलं तर चूक नको. म्हणून टेपवर आलेला आकडा मी मनात धरतो, त्यात सैलपणा मिळवतो, वाढीचं मिळवतो, आणि तो लिहितो. इतकी वर्षं झाली, आता ते बोटच करतं.

आणि पूर्वी आया म्हणायच्या, वर्षभर चालेल असं शिवा. मग दोन वर्षं म्हणायला लागल्या. आता तीन, चार. वरच्या रस्त्यावरचे लोक दरवर्षी नवीन शिवतात, त्यांना अंगाबरोबर लागतं, म्हणून त्यांची पोरं माझ्या वहीत बारीक. खालच्या पोरांची छाती कुठे गेली देव जाणे. कपडा किती वर्षं टिकवायचा ते वाढत गेलं, आणि ते मी छातीच्या रकान्यात लिहीत गेलो.

जेवढी ओढाताण जास्त, तेवढं पोर कागदावर गुटगुटीत.

आता सांगायचं कुणाला आणि कसं? कुणाला कळणार नाही हे खरं. खात्यात कुणी कात्री धरलेली नाही. बाईंना शाबासकी मिळालीय, मला मिळालीय. सांगितलं तर बावीस वर्षांच्या वह्या रद्दी. फॅशनवाला वर्षभर हसेल.

थोरल्या मुलाला फोनवर सहज विचारलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला कुणी मागितल्या म्हणून तुम्ही दिल्या. पुढे त्यांनी काय केलं ते त्यांचं." शहाणा आहे. माझ्यावर गेलाय.

२३ एप्रिल, सोमवार

पाच दिवस काही लिहिलं नाही, कारण काही केलं नाही.

दवाखान्याच्या दारावर कागद लागलाय म्हणे. एक जूनपासून पुलापलीकडे. दोन बस बदलायच्या, आणि तिथून चालत. ऐकलं आणि इस्त्री तापवत बसलो.

अकराला काजवाली उठली. आज मीही उठलो. म्हटलं, निदान एक प्रकरण तरी मिटवू. डोकं दुसरीकडे गुंतवायचं होतं, दुसरं काय.

फॅशनवाल्याच्या काचेसमोरून ती गेली. आत बघितलंसुद्धा नाही. वळली आणि दवाखान्यात शिरली. मी समोरच्या नळाशी उभा राहिलो, हात धुतल्यासारखं करत.

बाकावर गणवेश बसला होता. मी आधी गणवेशच ओळखला, शिलाई माझी. कॉलर गळ्यापासून लांब, खांदा दंडावर उतरलेला, कमरेला दोन चुण्या घातलेल्या, त्या काजवालीच्या हातच्या. आत काजवालीची नऊ वर्षांची मुलगी होती. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. नर्स गोळ्या घेऊन आली. मुलीने एकेक गिळली आणि तोंड उघडून दाखवलं. आ करून, जीभ वर करून, पुन्हा खाली करून. रोजची सवय असल्यासारखं.

नर्स म्हणाली, "शाब्बास. अजून पाच महिने. एक दिवस चुकवायचा नाही. चुकला की पहिल्यापासून."

"आणि जूनपासून?" काजवालीने विचारलं.

नर्सने कार्डावर खूण केली. पुढच्या माणसाला बोलावलं.

मी तिच्या आधी दुकानात पोचलो. "पाच मिनिटं म्हणाले आणि उशीर झाला मास्तर," ती म्हणाली. मी म्हटलं, "हं."

ती गेल्यावर बायकोला सांगितलं. ती पावत्या लावत होती.

"तुला माहीत होतं?"

"डिसेंबरपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस? मला?"

"इस्त्रीवाल्याचं काय झालं ते तिने बघितलंय," बायको म्हणाली. "मीही बघितलंय."

माझे कान तीक्ष्ण आहेत असं मी वर कुठेतरी लिहिलंय बहुतेक. राहू दे. खोडत नाही.

२४ एप्रिल, मंगळवार

सकाळीच खात्यात गेलो. टेप खिशात होता. साहेबांच्या खोलीत पाहणीवाल्या बाईंनाही बोलावून घेतलं. नुसतं बोलून समजेना, म्हणून साहेबांनाच उभं केलं. छातीला टेप लावला, अडतीस. म्हटलं, "हे तुमचं अंग. आता तुम्ही मला सांगा, हा शर्ट चार वर्षं चालला पाहिजे आणि तुम्ही अजून वाढताय."

"या वयात?" साहेब हसले.

"समजा. वहीत मी लिहिणार चव्वेचाळीस. तुमच्या कागदावर तुम्ही सहा इंचांनी धष्टपुष्ट झालात."

हसू थांबलं. बाईंना माझं बोलणं पुरं व्हायच्या आतच कळलं होतं. त्या खुर्चीचा हात धरून खाली बसल्या. "मी विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या.

साहेब म्हणाले, "मास्तर, तुमच्या चुकीवर आम्ही अहवाल पाठवून बसलोय."

"चूक माझी आहेच साहेब. पण मी शर्ट मोजले होते. पोरं तुम्ही मोजायला हवी होती."

हे बोललो आणि वाटलं, आता बाहेर काढतात. काढलं नाही. साहेबांनी कागद चाळले आणि सांगितलं. अहवाल वर गेलाय, मागे येत नाही. पुरवणी जोडता येते. खालच्या गल्लीतली सहा ते बारा वयाची सगळी पोरं, अंगावरचं माप, वजन, खात्याच्या माणसासमोर. शनिवार, पाच मेपर्यंत. मग वरचे ठरवतील.

"ठरवतील म्हणजे दवाखाना राहील?"

"ठरवतील म्हणजे ठरवतील," साहेब म्हणाले.

जिना उतरताना बाई म्हणाल्या, "एकशेसाठ मुलं आहेत. येतील?"

"टेप घेऊन मी उभा राहिलो तर येतील," मी म्हटलं. पोकळ वाटलं ते बोलताना.

२६ एप्रिल, गुरुवार

आज घोटाळा केला. काजवालीला मोकळं करावं असं मनात होतं. अकराला ती उठायच्या आत मीच म्हटलं, "जाऊन या तुम्ही. रोज जात जा. घड्याळ बघू नका. मला सगळं माहीत आहे."

तिचा चेहरा उतरला. सुई कापडात टोचून ठेवली.

"काढताय का मला मास्तर?"

"अहो, नाही! मी काय म्हणतोय..."

"तिला मी दुकानात कधी आणलेलं नाही. घरी कपडे वेगळे ठेवते. मला स्वतःला काही नाही, मी तपासून घेतलंय, कागद आहे माझ्याकडे."

"कागद कशाला..."

"आणून दाखवते," म्हणाली आणि गेली. दुपारभर आली नाही. बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते लिहीत नाही.

२८ एप्रिल, शनिवार

काजवाली आली नाही. काल बायको तिच्या घरी जाऊन आली. तिने दार उघडलं, पाणी दिलं, कामाचा विषय काढू दिला नाही. "तुम्ही जा," बायको मला म्हणाली. गेलो नाही. काय सांगणार? इस्त्रीवाल्याकडे मात्र गेलो. तो गेल्या हिवाळ्यातच खोली सोडून गेला. कुठे, कुणाला माहीत नाही. शेजारची म्हणाली, फार बारीक झाला होता.

५ मे, शनिवार

दुकानातली मशीनं भिंतीला लावली. वजनकाटा दवाखान्यातून आणला. पाहणीवाल्या बाई कागद घेऊन टेबलाशी, मी टेप घेऊन मधोमध. सकाळपासून रांग. पोरं आली, आया आल्या, इथवर बरं.

पहिलाच मुलगा, छाती सव्वीस. हा आकडा येऊच शकत नाही. बघतो तर सदऱ्याखाली दोन बनियन आणि त्याखाली आणखी एक.

"काढा हे."

बाप म्हणाला, "थंडी वाजते त्याला."

"मे महिना आहे."

काढले. बावीस. पुढची आई पोराच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि पोराने गाल फुगवले. तिसऱ्याने पोट. एकाने खिशात कुलूप घालून वजन दिलं. मी रांग थांबवली.

म्हटलं, "ऐका. इतकी वर्षं मी तुमच्या पोरांची मापं फुगवून लिहिली. त्या मापांमुळेच दवाखाना इथून चाललाय. आता तुम्ही फुगवू नका."

एक आई म्हणाली, "म्हणजे माझं पोर बारीक असं लिहून जाणार? सगळ्यांसमोर? मास्तर, माझ्या घरी दोन्ही वेळा चूल पेटते."

"मला माहीत आहे बाई."

"तुम्हाला काय माहीत?"

 महिन्याभरापूर्वी मी ‘सगळं’ म्हटलं असतं. मी म्हटलं, "मी शाळेत भावाची चड्डी घालायचो. कंबरेला सुतळी. मास्तरांनी विचारलं की सांगायचो, पट्टा घरी राहिला. चार वर्षं घरीच राहिला होता."

कुणीतरी हसलं. ती बाई हसली नाही, पण मुलाला पुढे ढकललं. "सोड रे श्वास," म्हणाली.

संध्याकाळपर्यंत एकशेचाळीस झाली. आकडे मी मोठ्याने सांगत होतो, बाई लिहीत होत्या. बावीस. साडेएकवीस. तेवीस. बावीस. एका टप्प्यानंतर बाईंनी वर बघणं सोडलं.

साडेसहाला त्या कागद आवरत होत्या. दारात काजवाली. मुलगी हाताशी, त्याच गणवेशात.

"हिचं राहिलंय, मास्तर."

"या."

ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "खोकला आहे तिला," म्हणाली. दुकानात अजून सात-आठ बायका होत्या, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"माहीत आहे. आत या. उद्यापासून कामालाही या, काजं तुंबलीत. आणि मला बोलता येत नाही, तेवढं समजून घ्या."

बायकोने मुलीचा वरचा सदरा काढून घेतला. मुलीने न सांगता हात वर केले. मी टेप फिरवला. साडेतेवीस. एवढा येणार नाही हे बघताक्षणी कळत होतं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ओठ गच्च मिटलेले, गळ्याच्या शिरा वर आलेल्या, डोळे समोरच्या भिंतीवर.

 टेप बोटांत धरून थांबलो.  पोरगी बराच वेळ टिकली. मग खोकला आला, श्वास सुटला, आणि टेप माझ्या हातात सैल पडला. मी तो हळूच ओढून घेतला.

"एकवीस," मी म्हटलं.

बाईंनी लिहिलं.

"पुन्हा एकदा घ्या ना मास्तर," काजवाली म्हणाली.

मी पुन्हा घेतलं. एकवीसच.